तळपायाची तीट

मयूर विहारच्या एका लग्नाच्या हॉलात एक कारागीर छतासाठी प्लास्टरची नक्षी घडवायचा. शिंपले, वेलबुट्ट्या, पंखवाली गुबगुबीत पोरं. मालक या विलायती नक्षीला रोकोको म्हणे. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी तिथे जाऊन बसे.

पोर तयार झालं की तो त्याच्या गालावर काजळाची तीट लावी. मालक खवळला. "अंग्रेज़ बच्चे हैं ये! पोंछ, नहीं तो छुट्टी!"

"बच्चा तो बच्चा है, साहब," म्हणत त्याने गाल पुसले आणि मालक वळताच तळपायांना तीट लावली. आमची हीसुद्धा लावायची. मी तिला वेडी म्हणायचो.

पोरं छतावर चढली. खालून बघतो तर नुसते तळपाय, आणि प्रत्येकावर काळी तीट!

"अब?" मी विचारलं.

"साहब तो मेहमान देखेंगे, बाबूजी. ऊपर बुरी नज़र ही देखेगी."

कित्येक महिन्यांनी मी पोट धरून हसलो.