आमच्या पिकअपचा गिअर कोणी खराब केला?

मंडळी, आज मी लय म्हणजे लयच खुश हाये!

आमच्या गावी, किन्हीराजाले, घरी आजोबानं घेतलेली, पन्नासच्या दशकातली पिकअप हाये. आठ दिवसांपासून गिअर टाकला की कर्रर्र आवाज! आबा, म्हणजे माये वडील, मलेच बोलून राह्यले होते. "तुले क्लच दाबता येत नाही. तूच गिअरबॉक्सची वाट लावली!"

आज सकाळी शेलूबाजारचा मिस्त्री गिअरबॉक्स खोलाले आला. मी म्हटलं, "काका, थांबा. पयले मले पाहू द्या."

इंजिन बंद ठेवून गिअर टाकले, तर सगळे लोण्यावानी पडले. इंजिन सुरू केलं की पुन्हा कर्रर्र! म्हणजे गिअरबॉक्स चांगला होता, क्लचच पुरा सुटत नव्हता. पण काहून? वाकून पेडलखाली हात घातला, तं चार घड्या केलेलं पोतं हाती आलं!

आमच्याकडं गाडी म्हणजे लक्ष्मी. चप्पल बाहेर काढूनच चालवतात. खालचा पत्रा तापते, पायाले चटके बसतात, म्हणून आबानंच आठ दिवसांपयले ते पोतं अंथरलं होतं. त्याच्यामुळं पेडल खालपर्यंत जातच नव्हतं.

पोतं काढलं अन् गिअर बिनआवाज पडला. मिस्त्री हसाले लागला. आबा किल्ली माया हातात देऊन बाजूले बसले. मी चप्पल काढाले वाकली, तं हळूच म्हणाले, "राहू दे. पाय पोळतीन तुये."

तुमच्या घरी काही बिघडलं की पयलं नाव कोणाचं घेतात, सांगा बरं?