मेहुण्याच्या पानातला आफ्रिकेचा भात

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी माझ्या मेहुण्याने माझ्या घरी एकदाही दुसऱ्यांदा भात घेतला नव्हता.

हा बायकोचा थोरला भाऊ, तिच्या तोंडी अण्णा, महाडच्या शाळेत मास्तर. पहिला भात संपायच्या आत तो पानावर हात आडवा धरायचा. "पुरे भावजी. तुमच्याकडचं अन्न जड असतं." जड! आमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं, तेव्हा पोलादपूरच्या डोंगरातून अनवाणी उतरून मी महाडच्या बाजारात भुसारी दुकान उभं केलं. माझ्या दुकानातला तांदूळ अर्धं महाड पचवत होतं. एकटे मास्तर सोडून.

त्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ सदू सुट्टीवर आला. तो बोटीच्या भटारखान्यात कामाला. आफ्रिकेत कालाबार नावाचं बंदर आहे, तिथले एफिक लोक नारळाच्या रसात असा तिखट भात शिजवतात की माणूस टोप चाटतो, असं त्याने सांगितलं. बोटीवरच्या एका एफिक आचाऱ्याने त्याला तो शिकवला होता.

मी लगेच मेहुण्याला रविवारचं आमंत्रण धाडलं, आणि मगच कृती विचारली.

"पाच नारळ," सदू म्हणाला.

"दोन."

"दादा, मी नारळ विकत नाय. भाताला लागतात तेवढे सांगतोय."

"पहिला आकडा कधी खरा नसतो. दोन."

"चार तरी घे."

"तीन. आणि टोमॅटो निम्मे."

(घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काहीच घेतलेलं नाही. लग्नाचा मुहूर्तसुद्धा मी भटजींकडून पाऊण तास अलीकडे आणला होता.) सुकी कोळंबी कुटून घालायची होती, त्यासाठी घरातले सोडे मी मंजूर केले. धुरी दिलेला मासा मात्र साफ नामंजूर. सदूने कपाळाला हात लावला. सौदा मी जिंकला होता.

रविवारी बायकोला चुलीपुढून उठवून मी स्वतः तिथे बसलो. अर्धवट शिजवलेला तांदूळ निथळला, कांदा-टोमॅटो-मिरची परतली, सोड्यांचा कूट टाकला, आणि तीन नारळांचा रस ओतला. तो तांदळाने बघता बघता पिऊन टाकला आणि कच्चाच बसून राहिला.

"आणखी दोन नारळ असते तर..." सदू कौलांकडे बघत म्हणाला.

"तोंड मिट." मी तांब्याभर पाणी ओतलं. मग आणखी एक तांब्या. मग भाताचं तळं झालं म्हणून जाळ वाढवला. तेवढ्यात मेहुणा आला. त्याला ओटीवर बसवून मी परत येतो तर टोपाशी आई, आणि तिच्या हातात गुळाचा रिकामा डबा.

"आई, काय घातलंस?"

"गूळ. नारळाचा भात हाय ना? तुम्ही दोघं गूळच विसरलाव."

"अगं, त्यात सोडे आहेत."

आईने टोपात वाकून पाहिलं. "नारळीभातात सोडे कुनी घातले रे, मेल्यांनो?"

गोड मारायला सदूने दहा मिरच्या ठेचून टाकल्या. तिखट मारायला बायकोने कोकमाचं आगळ ओतलं. कुणी काय मारायचं यावरून आमची जुंपलेली असतानाच ती नाक वर करून म्हणाली, "अहो, करपलं. अण्णा जेवायला बसलेत. पटकन पिठलं टाकू?"

"पिठलं टाकलंस तर मी पोलादपूरला निघून जाईन."

भात वाढला. रंग लाल मातीचा. मेहुण्याने पहिला घास घेतला आणि थांबला. कपाळावर घाम आला. दुसरा घास. तिसरा. पान संपलं. मी डाव घेऊन उभा होतो. त्याचा हात उचलला गेला, आणि त्याने पान पुढे सरकवलं.

"भावजी, भात."

मी डाव भरून भात वाढला.

"जड नाही ना?" मी विचारलं.

"छे. पण हा धुराचा वास कसा आणलात? माशाला धुरी दिलीत का?"

सदूला ठसका लागला. "मग?" मी म्हणालो. "त्याशिवाय हा भात होतच नाही."

त्याने तिसऱ्यांदा घेतला. चौथ्यांदा घेतला. तळाची करपलेली खरवडसुद्धा बहिणीकडून काढून घेतली. बारा वर्षांचा हिशेब एका पंगतीत चुकता! मी डाव खांद्याला लावून उभा होतो, एखादा गड घेतल्यासारखा.

पुढे मास्तरांनी बाजारभर गवगवा केला. लोक दुकानात येऊन विचारतात, "शेठ, तो आफ्रिकेचा भात लागतो तरी कसा?" मी गादीवर रेलून ऐटीत सांगतो, "आधी गोड, मग तिखट, मग आंबट, आणि शेवटी धुराची झाक." हे सगळं मी मेहुण्याच्या तोंडून ऐकलेलं. मला त्या टोपातलं एक शीतसुद्धा मिळालं नाही.