ढोकरीची पिसं

निवृत्त झालो त्या वर्षी मुलीने मला जपानी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. रेशमावर काढलेले पक्षी. धानोऱ्याकडच्या शाळांत पोरांना आंबा, पेरू आणि झेंडा काढायला शिकवण्यात माझी सारी नोकरी गेलेली, त्यामुळे ते पक्षी बघून मी चाटच पडलो. एकेक पीस सुटं, पायावरचा खवला न् खवला मोजून घ्यावा असा. पांढरा रंग तर रेशमाच्या मागच्या अंगाने दिलेला, पुढून तो हलकेच झिरपलेला दिसतो. ते चित्रकार आधी दिवसचे दिवस पक्ष्याकडे नुसते बघत बसायचे, असंही त्यात होतं. ते पान मी उलटलं. धीर माझ्याकडे कधीच नव्हता.

मी ढोकरी काढायची ठरवली, आमच्या तलावावरचा तो बुटका बगळा. बसली की चिखलाच्या रंगाची, उडाली की पांढरीशुभ्र. मागून पांढरा द्यायला याहून चांगला पक्षी कुठला? आरमोरीहून कोशाचं रेशमी कापड आणलं, रंग फुटू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी चढवलं, तलावातले शिंपले खलून पांढरा रंग केला. तयारीत मी कुठे कमी पडलो नाही. पण ढोकरी काही जवळ येऊ देईना. दोन सकाळी तलावाच्या पाळीवर बसलो आणि वैतागून घरी आलो.

आमच्या शेजारचे भाऊ त्याच तलावात जाळं टाकतात. मी त्यांना म्हटलं, एक जिवंत धरून आणा, दोन दिवसांनी सोडून देऊ. त्यांनी हातातल्या जाळ्याची गाठ सोडवली, मग बघतो म्हणाले. गुरुजींना नाही कसं म्हणायचं, हीच त्यांची अडचण असणार. रानपाखरू धरणं गुन्हा आहे हे मी वर्गात शिकवलेलं होतं, तेही तेव्हा सोयीने विसरलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून ढोकरी आणली.

ओसरीच्या खांबाला सुताने तिचा पाय बांधला. घमेल्यात पाणी घालून मासे सोडले, तिने चोच लावली नाही. मी दोन दिवस चित्र काढत होतो. तिसऱ्या सकाळी ती आडवी पडलेली होती. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पुरण्याआधी मी तिचा पंख उलगडून पट्टीने मापं घेतली. याची आज मला लाज वाटते.

चित्र झकास झालं. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, आता उडेल. मी फुगलो होतो. महिन्याभराने भाऊंना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"पिसं बराबर आहेत गुरुजी," ते म्हणाले. "पन हे तं भेलेली आहे."

भ्यालेली? मी पुन्हा बघितलं. मान आत ओढलेली, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, डोळा माझ्यावर रोखलेला. मी काही खोटं काढलं नव्हतं. समोर होतं तेच काढलं होतं.

तेव्हा कुठे मी विचारलं, धरली कशी होती?

"धराले काय लागते गुरुजी. रोज पायापाशी येत होती, बारके मासे टाकत होतो मी तिले. त्या दिवशी बी आली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. जाता जाता ते दारात थांबले आणि संकोचत म्हणाले, "एक चित्र मले काढून द्या ना. पायापाशी उभी राहे, तसं."

काढतो म्हणालो. कापड ताणून ठेवलं आहे, रंग खललेला आहे. तिची पिसं मला आजही तोंडपाठ आहेत, पण भाऊंच्या पायाशी ती कशी उभी राहायची, ते मी कधी पाहिलंच नाही.