खडूचे हात

आमच्या देवासच्या शाळेत कॉम्प्युटर आला आणि मराठीच्या बाईंची खोली गेली. ऐंशीचं दशक अर्ध्यावर होतं, मी आठवीत होते. मुलींची शाळा, माध्यम हिंदी. वडलांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून आलेल्या आम्ही आणि इथल्या जुन्या मराठी घरांतल्या, अशा मिळून बारा जणी मराठी घ्यायचो. त्या खोलीला काळे पडदे लागले. भर दुपारीही आत अंधार, आणि त्यात हिरवी अक्षरं. चपला बाहेर. खडूला तर पूर्ण बंदी. धुळीनं मशीन मरतं, असं हेडमास्तरांना कोणीतरी इंदूरला सांगितलं होतं. मराठीचा तास मिळेल त्या रिकाम्या वर्गात भरू लागला, बाईंचं पुस्तकांचं कपाट मात्र आतच राहिलं.

तो कॉम्प्युटर मला फार आवडायचा, हे आधी कबूल करते. गणित चुकलं तर तो ओरडायचा नाही. पुन्हा तोच प्रश्न, तेवढ्याच शांतपणे. चुकण्याच्या धास्तीत वावरणाऱ्या मला त्यानं गणित शिकवलं, पुढे नोकरीही दिली. पण चूक कोणाला न कळता झाकता येते, हेही मी त्याच खोलीत शिकले.

गणिताचा प्रोग्राम एका कॅसेटवर होता, एकुलत्या एक. ती टेपरेकॉर्डरमध्ये घालायची आणि प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये चढेपर्यंत कर्कश किरकिर ऐकत थांबायचं. एका दुपारी कॉम्प्युटरच्या सरांची वाट न बघता मी ती लावली, आणि घाईत रेकॉर्डचं लाल बटणही दाबलं. किरकिर आलीच नाही. नुसती चाकं फिरत राहिली. कळेपर्यंत सुरुवातीचा भाग पुसला गेला होता. तेवढ्यात बाई अनवाणी, पण खडूच्याच हातांनी आत आल्या, कपाटातून पुस्तक घेतलं. "काय गं, आज गप्प का तुझं यंत्र?" म्हणत हसल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम चालेना, तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "कल अंदर कौन-कौन था?"

"मैं थी, सर. और मराठीवाली मैडम आई थीं. उनके हाथ में चॉक लगा था."

सगळं खरं होतं. म्हणूनच ते खपलं. "देख लो भिया, मैडम के हाथ लगते ही मशीन बैठ गई," चपराशी ऑफिसातल्या बाबूला म्हणाला, आणि दोघं हसले.

खडूनं कॅसेट पुसली जात नाही, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत कपाट व्हरांड्यात आलं, मराठीचा तास सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. दिवाळीनंतर बारापैकी चारच जणी उरल्या. पुढच्या वर्षी तास वेळापत्रकातूनच गेला आणि बाईंची बदली धारला झाली. म्हाताऱ्या आईला देवासला एकटं ठेवून त्या गेल्या.

चार-पाच वर्षांनी, कॉलेजात असताना, सांगून टाकायचं ठरवून मी धारला त्यांच्या शाळेत गेले. बाई नळावर हात धूत होत्या. साबण लावून, नखांपर्यंत, पुन्हा पुन्हा. मला बघून खुलल्या. "अगं, आमच्याकडेही आलाय बरं का तुझा लाडका! चल, दाखवते."

दाराशी त्या थांबल्या. ओले तळवे उलटसुलट करून बघितले, पदराला पुसले, मग पाठीमागे घेतले.

"तू जा आत. मी इथूनच बघते. एकदा झालंय ना माझ्या हातून."

आजूबाजूला कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी चपला काढल्या आणि आत गेले.