जिच्या नावाचा दगड उभा होता

धडगावच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा आमचे मनोविकारांचे बाह्यरुग्ण सत्र भरते. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावरही मी ते सोडलेले नाही. नंदुरबारहून आम्ही चौघे पहाटेच निघतो: मी, परिचारिका, समाजसेविका आणि गाडीचा चालक. घाट चढून होईस्तोवर माझा नित्याचा जप पूर्ण होतो. चालकाला जशी वळणे पाठ आहेत तसा आता तो जपही पाठ झाला आहे. मध्येच खंड पडला तर तो आरशातून माझ्याकडे पाहतो.

होळी होऊन काही आठवडे लोटले होते. डोंगरात मोहाची फुले गळत होती आणि त्यांचा जड, गोड वास रुग्णालयाच्या ओसरीपर्यंत येत होता. दूरच्या एका गावातल्या आशाताईने, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेने, दोन स्त्रियांना माझ्यासमोर आणून बसवले. एक पंचविशीतली, दुसरी तिची आई. आई मुलीकडे पाठ करून बसली. मुलीचे ओठ कोरडे पडून फाटले होते आणि डोळ्यांची पापणी फार उशिरा लवत होती.

"काय त्रास आहे?" मी विचारले. मला इथली पावरी बोली समजते, बोलता मात्र बेताचीच येते. समाजसेविका नवापूरच्या डोंगरातली, ख्रिस्ती शेतकरी घरातली. तिला या भागातल्या सगळ्या बोली येतात. तिने प्रश्न पुन्हा नीट विचारला.

"त्रास काही नाही," आई भिंतीकडे पाहत म्हणाली. "ही मेलेली आहे."

मी मुलीकडे पाहिले. तिने शांतपणे मान डोलावली. "हो. मेले आहे."

स्वतःला मृत मानणारे रुग्ण मी पूर्वी पाहिले होते. खोल विषादात मन त्या टोकाला जाते. रुग्ण सांगतो की रक्त सुकले, आतडी नाहीशी झाली, आता अन्न कोठे जाणार? परंतु अशा प्रत्येक रुग्णाशेजारी एखादा आप्त असतो, जो रडून सांगतो की डॉक्टर, असे नाही हो, ही जिवंत आहे. भ्रम कशाला म्हणावे हे आम्हाला त्या आप्तामुळे ठरवता येते. येथे आई आणि मुलगी एकमताच्या होत्या. 

आशाताईने जे सांगितले ते असे. मुलगी टोळीबरोबर गुजरातेत मजुरीला गेली होती. तिथे ज्वराने बेशुद्ध पडली आणि टोळीने तिला जवळच्या दवाखान्यात ठेवले. निरोप गावी पोचला तेव्हा तिचे काका आणि गावचा बडवा, म्हणजे देवकार्य करणारा वृद्ध, तिकडे निघाले. दरम्यान तिची प्रकृती ढासळल्याने तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवले होते. काकांना तिची खाट दाखवण्यात आली. खाट रिकामी होती आणि गादी गुंडाळून ठेवलेली होती.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. गुंडाळलेल्या गादीला काय विचारायचे?

या डोंगरातली रीत अशी आहे की माणूस परमुलखात मेला तर त्याचा जीव तिथेच घुटमळतो, घरची वाट त्याला सापडत नाही. म्हणून आप्त त्या जागी जातात, बडवा जिवाला हाक मारतो, आणि त्याला दगडात घेऊन गावी आणतात. दगड शिवारात उभा करतात, शेंदूर लावतात, मोहाच्या दारूची धार देतात. तिच्या खाटेपाशी तसेच झाले. दगड आला, उभा राहिला, तिच्या नावाने जेवण झाले. आणि होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, ती जीपमधून उतरली.

"बाजार गप्प झाला म्हणे," समाजसेविका हळूच म्हणाली. "ढोलसुद्धा थांबले."

कोणी तिला दगड मारले नाहीत, हाकलले नाही. उलट सारे फार मायेने वागले, आणि ते ऐकून मला अधिक भय वाटले. आईने तिला मागच्या बाजूने घरात घेतले. रोज पानावर अन्न वाढून तिच्यापुढे ठेवी आणि मृतांना ठेवतात तसे मान वळवून निघून येई. नावाने तिला कोणी हाक मारीना, कारण ते नाव आता दगडाचे होते. एके दिवशी ती स्वतः शिवारात जाऊन तो दगड पाहून आली. त्यानंतर तिने खाणे सोडले, आणि दोन दिवसांपासून पाणीही.

परिचारिकेने पाण्याचा पेला पुढे केला. मुलीने तो सौजन्याने बाजूला सारला. "तिला द्या," ती म्हणाली. "तहान तिला लागते. उन्हात उभी आहे ती."

नाडी क्षीण होती, रक्तदाब उतरलेला. परिचारिका मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, आत्ताच्या आत्ता नंदुरबारला न्यायला हवं. सलाईन, नळी, सगळं. उद्यापर्यंत हिची किडनी जाईल."

तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मी आईला तसे सांगितले. तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "एकदा दवाखान्यातून आणली. पुन्हा दवाखान्यात कशाला ठेवता? परत कोण आणायला जाईल?"

कायद्याने तिला दाखल करून घेणे शक्य होते, आणि मी त्याच विचारात होतो. समाजसेविकेने मला थांबवले.

"सर, बळानं नेली तर जगेल. मग सोडणार कुठे? गावात तिची जागा भरलेली आहे."

तिघांची थोडी वादावादी झाली. शेवटी असे ठरले की सलाईन येथेच, ओसरीतल्या खाटेवर, लगेच लावायचे; गावात जाऊन बडव्याला भेटायचे; आणि इतक्याने ती पाणी प्यायली नाही तर संध्याकाळच्या आत, कोणी काही म्हणो, नंदुरबार. मुलीने सुई टोचताना हातही हलवला नाही. रक्ताचा थेंब आला तेव्हा तिने तो कुतूहलाने पाहिला, जणू दुसऱ्या कोणाचा असावा.

सलाईन संपल्यावर आम्ही सर्वच गाडीत बसलो, मायलेकींसह. चालक नंदुरबारचा, जिभेने तिखट. तो माझ्याजवळ येऊन अहिराणीत कुजबुजला, "डॉक्टरसाहेब, मन्ही गाडीमा आते मरेल मानसंबी बठतीन का?"

"आरशात दिसते ना?" परिचारिकेने विचारले.

"दिसस ना, सिस्टर. तेच ते भ्याव वाटस."

रस्ता संपला तेथून पाऊलवाट होती. भर दुपार. वाऱ्याचे नाव नव्हते, तरी मोहाची फुले टप टप पडत होती. शिवाराच्या कडेला, एका निष्पर्ण सागाखाली, तो दगड होता. गुडघ्याएवढा, ताज्या शेंदराने माखलेला. मुलगी त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली आणि एकाएकी तिची आई रडू लागली. दगडाकडे तोंड करून ती मुलीचे नाव घेऊन रडत होती, आणि मुलगी मागे उभी राहून ते ऐकत होती. मी आयुष्यात पुष्कळ शोक पाहिला आहे. त्या दोघींमधले ते पाच-सात हातांचे अंतर मला अजून ओलांडता येत नाही.

आशाताईने बोलावून आणलेला बडवा माझ्याच वयाचा होता. त्याने आम्हाला तिथल्याच जेमतेम सावलीत बसवले. मी त्याला समाजसेविकेमार्फत सांगितले, बाबा, ही जिवंत आहे, मी नाडी पाहिली आहे. तुमची समजण्यात चूक झाली; आता तो दगड काढून टाका.

त्याने एकदा मुलीकडे पाहिले. मग म्हणाला, "डाक्तर, चूक झाली हे ती जीपमधून उतरली तेव्हाच मला कळलं. पण मी त्या खाटेपाशी हाक मारली. कौलासाठी सुपात मांडलेले दाणे हलले. दगड हातात घेतला तेव्हा हलका होता. दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना जड झाला. मी म्हातारा आहे, मला जड-हलकं कळतं." त्याने दगडाकडे पाहिले. "ही जिवंत होती, तर मग मी आणलं कोणाला?"

 समाजसेविकेने ते वाक्य भाषांतर करून सांगितले खरे, पण मला ते आधीच समजले होते. तिचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेलेला मी पाहिला.

माझे बालपण प्रकाशा या गावी, तापीच्या काठी गेले. वडील घाटावर श्राद्धविधी सांगत. यजमानाच्या पितरांचे पिंड झाले की शेवटी एक पिंड ते वेगळा ठेवायला लावीत, ज्यांचे कोणी उरलेले नाही, ज्यांचे नावही कोणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. तो पिंड नदीत सोडून येताना मागे वळून पाहायचे नाही, असा दंडक होता. पुढे मी वैद्यक शिकलो, मनाचे शास्त्र निवडले, आणि मागे वळून न पाहण्याची कारणे मला पुस्तकांतून समजली असे मला वाटू लागले. त्या सागाखाली बसल्यावर वाटले की ती कारणे मला अद्याप कोणी सांगितलेलीच नाहीत.

"जो कोणी आला," बडवा म्हणाला, "त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं. म्हणून तो हिच्या नावावर आला. आता त्याला गावातून कसं काढू? आणि नाव एक, माणसं दोन. एकाला तर मरावंच लागेल."

तेव्हा मला पाठशाळेत शिकलेला एक विधी आठवला. मी त्याला सांगितले की आमच्या धर्मशास्त्रातही अशी चूक होते. मेला समजून ज्याचे उत्तरकार्य केले, तो जिवंत परतला, तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. त्याला तुपाने न्हाऊ घालतात आणि जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करतात. तो नव्याने जन्मतो.

बडव्याने लक्षपूर्वक ऐकले. "तुपानं? मोठ्या माणसाला?"

"हो."

"एवढं तूप आमच्या चार पाड्यांत मिळून नाही, डाक्तर. बामणाच्या घरी मरून परत येणं महाग पडतं."

सागाखालचे सगळे हसले. मुलगी हसली नाही, पण तिने हसणाऱ्यांकडे पाहिले. तेवढेही तिने सकाळपासून केले नव्हते.

बडवा उठला आणि पाड्यावरच्या सुईणीला बोलावून आणले. पुढे जे घडले त्याला रीत म्हणावी की नाही, मला सांगता येणार नाही. त्या दोघा वृद्धांनी ते तिथल्या तिथे ठरवले. आईला तिच्याच झोपडीत उभे केले. मुलीला तिच्या पायांपाशी, लुगड्याच्या पदराखाली, अंग मुडपून बसवले. सुईणीने हात धरून तिला बाहेर ओढले, कोमट पाण्याने न्हाऊ घातले आणि अंग पुसून आईच्या मांडीवर डोके ठेवून निजवले. बडव्याने विचारले, "आज वार कोणता?" त्या समाजात वारावरून नाव ठेवायची पद्धत आहे. वार सांगितला गेला. त्यावरूनच तिचे नाव ठरले. आईने ते उच्चारले, एकदा, मग पुन्हा. आणि मान वळवली नाही.

मुलगी आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. ओठ मात्र मिटलेलेच होते. सुईणीने बोटावर गुळाचे पाणी घेतले, ते ओठांवरून ओघळून गेले. मी घड्याळ पाहिले. ऊन उतरू लागले होते.

त्या वेळी परिचारिका पुढे झाली. ती अनेक वर्षे लसीकरणात काम केलेली. खाली बसून, दर महिन्याला पाड्यावर येऊन आयांना सांगावे त्या सुरात ती म्हणाली, "चला, बाळाला पहिला डोस. आ कर, आ."

हा आवाज या डोंगरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेला आहे. मुलीचे तोंड उघडले. परिचारिकेने मी दिलेली विरघळणारी औषधाची गोळी जिभेवर ठेवली, गोळी कशाची आहे ते तिला आणि आईला स्पष्ट सांगितले, आणि वर गुळाचे पाणी सोडले. कंठ हलला. ती प्यायली.

समाजसेविका झोपडीबाहेर जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "रडलं नाही ना बाळ," ती मला म्हणाली, "म्हणून मी रडून घेतलं."

औषधे वर्षभर चालली. पहिले काही आठवडे आशाताई रोज जाऊन गोळी देत असे. माझ्या विद्येनुसार तिला औषधाने गुण आला. बडव्याच्या मते तिला जागा मिळाली म्हणून गोळी लागू पडली. आम्ही दोघांनी यावर वाद घातलेला नाही. दगड काढला नाही. जुने नाव त्याच्याकडेच राहिले, आणि सणाला त्याच्यापुढे मोहाची धार तीच धरते, कोण आहे ते न विचारता. पितृपक्षात शेवटचा पिंड ठेवताना मीही आता ते नाव मनात उच्चारतो. त्या नावाने कोण ऐकत असेल याचा विचार मी करीत नाही, आणि नदीवरून परतताना वळून पाहत नाही.

गेल्या महिन्यात ती तपासणीला आली होती. अंगाने भरली आहे. पुन्हा मजुरीला जायचे म्हणत होती. बाकावर बसलेली असताना एका नव्या परिचारिकेने दारातून रुग्णांची नावे पुकारली. तिच्या कागदावर जुनेच नाव राहून गेले होते. ते नाव ओसरीत दोनदा घुमले.

ती उठली नाही. तिने दाराकडे पाहिले, कोणी येत असल्यासारखे, आणि बाकावर किंचित सरकली. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा झाली. ओसरीत लोक उभे होते, लहान मुले कडेवर घेतलेल्या स्त्रियाही होत्या. सत्र संपेपर्यंत त्या जागेवर कोणी बसले नाही.