भागीरथाचा धंदा आढळून आला नाही

सरकारी योजनेच्या फलकावरची बाई नेहमी हसत असते. हातात लोणच्याची बरणी, मागे पांढरीशुभ्र भिंत. भागीरथा तशी हसत नाही. ती हसते तेव्हा समोरच्याचं काहीतरी चुकलेलं असतं.

मूल या तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला लागून तिचं घर. जात ढिवर. वय आधार कार्डावर एक, मतदार यादीत दुसरं, आणि तिच्या मते दोन्ही चूक. नवरा इस्तारी मच्छीमार सोसायटीचा सभासद, जाळं त्याचं. उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की सगळ्या गावांत एकदमच मासोळी निघते, भाव पडतो, आणि उरलेली वाळवावी लागते. वाळवणं आणि विकणं हे भागीरथाचं काम. सासूनंतर तिच्याकडे आलेलं. साधनं म्हणजे तीन जुनी लुगडी, कुत्र्यांसाठी काठी, आणि पावसासाठी काहीच नाही.

मागच्या एप्रिलमध्ये अवकाळी आला आणि चार दिवसांची मासोळी अंगणातच सडली. आठवडाभर त्या गल्लीतून कोणी गेलं नाही. पुढे बचत गटाच्या प्रशिक्षणाला ती चंद्रपूरला गेली आणि तिथे तिने सोलर ड्रायर पाहिला: पारदर्शक छताची खोली, आत जाळीचे कप्पे. ऊन आत येतं. पाऊस, कुत्री आणि कावळे बाहेर राहतात. किंमत तीन लाखांच्या घरात. परतल्यावर ती थेट माझ्याकडे आली. मी बी.एस्सी. होऊन निवृत्तही झालेली बाई. गावातल्यांचे अर्ज भरून देते, कारण टीव्हीवरचं त्याहून वाईट असतं.

"बाई, बँक मले पैसे देईन का?"

"देईल. कर्ज देईल. वर अन्नप्रक्रियेचं अनुदान आहे."

"अनुदान म्हणजे फुकट?"

फुकट म्हटलं की माणसं शेवटचं वाक्य ऐकत नाहीत, म्हणून मी ते आधी सांगितलं. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत पडून राहतं, आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तरच कर्जातून वजा होतं. शिवाय दहा टक्के आपले घालावे लागतात.

तिच्यासोबत आलेला इस्तारी दारात विडी घेऊन बसला होता. म्हणाला, "म्हणजे देते बी नाई, अन् नाई बी म्हणत नाई."

"तुमच्यासारखंच हाय मंग," भागीरथा म्हणाली.

दहा टक्क्यांची सोय गटाने केली. कागदांची सोय करतो म्हणून तालुक्यातला डोमा नावाचा एजंट आला. जी उद्योग नोंदणी मोबाइलवर फुकट होते, तिचे त्याने दीड हजार सांगितले. ती नोंदणी मी त्याच्यासमोरच, त्याच्याच मोबाइलवरून करून दाखवली. डोमा पुन्हा दिसला नाही. खाद्यपदार्थाची नोंदणी, ड्रायरचं दरपत्रक, प्रकल्प अहवाल, सगळं लावून फेब्रुवारीत अर्ज गेला. आता एकच पायरी राहिली होती. बँकेचा माणूस घरी येऊन धंदा पाहणार होता. एप्रिलमध्ये तलावातली मासोळी निघायच्या आत ड्रायर उभा राहिला तर बरं, नाहीतर पुन्हा लुगडी आणि आभाळ.

ज्या दिवशी तो आला, त्या दिवशी मी चंद्रपुरात डोळ्यांत थेंब टाकून बसले होते. एवढी एक चूक माझी. बाकीची गावाने केली.

साहेब येणार म्हटल्यावर गटातल्या बायांनी पहाटेपासून अंगण धरलं. सडा टाकला, रांगोळी घातली. वाळत घातलेली मासोळी गटातल्या सोमारीने टोपल्यांत भरून पार पाळीपलीकडे आपल्या बहिणीच्या घरी नेली. जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. तराजू धुऊन पलंगाखाली. उरल्यासुरल्या वासासाठी भागीरथाच्या सुनेने, खुशबूने, उदबत्त्या लावल्या, एक नव्हे, अख्खा पुडा. बँकेचा अजय नावाचा तरुण अधिकारी मोटारसायकलवरून उतरला तेव्हा त्याला एखाद्या साखरपुड्याला आल्यासारखं वाटलं असणार.

खुर्चीवर टॉवेल टाकून त्याला बसवलं. चहा दिला, चिवडा दिला.

त्याने विचारलं, "धंदा कसा चालतो?"

आता, आपल्याकडे चांगलं चाललंय असं तोंडाने कोण म्हणतं? त्यातही परक्यापुढे? भागीरथा पदर सावरून म्हणाली, "कायचा धंदा जी. पोटापुरतं होते."

"महिन्याला किती माल विकता?"

"कुठी जी. थोडंसंच."

त्याने ते तसंच लिहून घेतलं. प्रामाणिक पोरगा. आठ दिवसांनी पत्र आलं: अर्जदाराच्या पत्त्यावर प्रत्यक्ष व्यवसाय आढळून आला नाही.

पत्र वाचून मी विचारलं, "मासोळी लपवली काऊन?"

"साहेब येऊन राह्यले होते ना जी. त्याहिले वास कसा द्यावा?"

"तो वास बघायलाच आला होता, भागीरथा."

ती म्हणाली, "तुमी सांगून जायाले पायजे होतं." बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने बँकेत गेलो. मॅनेजर सभ्य होते. सभ्य माणसं नाही म्हणायला जास्त वेळ घेतात. फेरतपासणी करता येईल, पण मार्च अखेर आहे, गावाकडे माणूस पाठवायला सवड नाही, नव्या वर्षाची पहिली तिमाही झाल्यावर बघू. म्हणजे जुलै. जुलैमध्ये सोलर ड्रायर घेऊन काय छत्री म्हणून वापरायचा?

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात भागीरथाच म्हणाली, "गावाले नका येऊ जी. परवा इथीच बाजार हाय. मी भाजी लाइनच्या शेवटी बसतो. या बँकेतून पायी पाच मिनिटं."

मॅनेजरांनी अजयकडे पाहिलं. अजयने घड्याळाकडे.

बाजाराच्या दिवशी तो जेवणाच्या सुटीत आला. मी शेजारच्या कांदेवालीच्या पोत्यावर बसून होते. बाजारातली भागीरथा त्याने पाहिलीच नव्हती. घरी पदरात बोलणारी बाई इथे तीन दुकानांपलीकडच्या गिऱ्हाइकाला नावाने हाक मारत होती. सुके झिंगे, बारीक मासोळी, मोठे तुकडे, तीन ढीग. बाया भाव विचारायच्या आधी मासोळी मोडून हुंगत होत्या. अजय वही काढून तिच्या बरोबर समोर उभा राहिला.

"साहेब, बाजूले सरा जी. गिऱ्हाईक अडून राह्यलं."

साहेब बाजूला सरले. दहा मिनिटांत पिशवी धरून उभे होते, कारण एका म्हातारीने त्यांना भागीरथाचा जावई समजून ती हातात दिली होती.

तेवढ्यात बुधरी नावाची एक बाई आली, नेहमीची असावी. आली ती भांडतच. "मांगच्या खेपेले रेती लागली तुह्या मासोळीत. पोट्टे ताटावरून उठले माहे."

आज, या घटकेला, या साहेबासमोर. दुसरी कोणी असती तर नाही म्हणाली असती, निदान आवाज खाली केला असता. भागीरथाने वर पाहिलं.

"लागली असन. अंगणात वाळवतो, वारा सुटला का माती बसते. त्याच्याचसाठी मशीन मांगून राह्यलो. पण हे साहेब म्हणते का माहा धंदाच नाई."

बुधरीने अजयला खालून वर पाहिलं. "धंदा नाई? माही सासू हिच्या सासूपासून घेत होती. मंग मी काय भुताकडून घेतो काय जी?"

"नाही, तसं नाही, ते पत्त्यावर..." अजय म्हणाला.

"देऊन टाका ना जी," कांदेवाली म्हणाली. तिचा काही संबंध नव्हता. "त्या वासानं माहे कांदे कोणी घेत नाई."

अजयने वहीत बराच वेळ लिहिलं. मग किती टोपल्या आणल्या, किती उरल्या, दर बाजाराला एवढंच होतं का, असे सरळ प्रश्न विचारले. भागीरथाने हातातलं गिऱ्हाईक न सोडता सरळ उत्तरं दिली. शेवटी त्याने भीतभीत पाव किलो झिंगे घेतले. तिने पैसे मोजून घेतले. मी डोळे वटारले तर म्हणाली, "फुकट देलं तं साहेब लिहीन, धंदा नाई म्हणून."

कर्ज मंजूर झालं. मागितलं त्यापेक्षा कमी, म्हणून ड्रायर एक माप लहान आला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो अंगणात उभा राहिला, आणि चारच दिवसांत सोसायटीने तलावातली मासोळी काढली. कप्पे काठोकाठ भरले. जी मावली नाही ती लुगड्यांवरच गेली.

तिसऱ्या दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला, मागोमाग पाऊस. सोमारी आणि खुशबू लुगडी गोळा करायला धावल्या. निम्मी मासोळी वाचली, निम्मी भिजली. भागीरथा ड्रायरमध्ये कप्पे उलथवत होती. आत भट्टी होती. चोळी घामाने पाठीला चिकटलेली, तोंड लालबुंद.

"पाणी आलं व," इस्तारी ओसरीवरून ओरडला. "बाहेर ये."

"मी काऊन येऊ?" ती आतून म्हणाली, आणि पुढचा कप्पा ओढला.