गढीच्या वाटेवरचे पाच निंब

आमच्या गावची गढी कोण्या राजाच्या वेळची, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण तिचा दरवाजा कुणी राखला, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आम्ही. वेसकरकी आमच्याच घरात, आज्याच्याही आधीपासून. खाली काळा दगड, वर पांढरी माती, आणि मधे सागवानी कवाडं. ती सांजेला लावायची, सकाळी उघडायची. दरवाज्यापासून दारव्ह्याच्या सडकेपर्यंत दोन्ही अंगांनी निंब होते, तेही आमच्याच माथी. एखादा वादळात पडला की वेसकरानं त्या जागी नवा लावायचा, दोन उन्हाळे पाणी वाहून जगवायचा. बदल्यात काय, तर घरोघरची शिळी भाकर. आग लागो त्या भाकरीला!

छप्पन सालच्या दसऱ्याला बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला. वेसकराची घुंगराची काठी त्यानं देवडीत टेकवली आणि गढीच्या मालकाला सांगितलं, "आजपासून हे काम बंद." आमच्या सगळ्या वस्तीनं तसंच ठरवलं होतं. त्या दिवशी बा मला हातभर उंच दिसला.

पण त्याच पावसाळ्यात त्यानं पाच नवे निंब लावले होते. चैत लागला तशी त्यांची पानं गळायला लागली. बा सडकेवरून येता-जाता मान वळवून पाहायचा. मी अकरा वर्षांची, डोक्यानं तिरसट. एका सकाळी नाल्यावरून घागर आणली आणि पहिल्या झाडाला ओतली. बानं पाहिलं. जन्मात एकदाच त्यानं माझ्यावर हात उचलला, तो तिथं.

"लोकं म्हनतीन, वेसकरानं पोरगी धाडली!" तो ओरडला, आणि मग वाटेतच बसून रडला.

"बा, झाडं मरून राह्यली ना," मी गाल धरून म्हटलं.

"मले दिसत नाही काय व? पन आज पानी घातलं, तर उद्या काठी हातात देतीन."

मग आम्ही वाट पाहिली. गढीची विहीर दरवाज्याच्या आतच, वीस पावलांवर. आम्हाला तिला शिवायची मुभा नव्हती, म्हणून आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या नाल्याचंच पाणी वाहिलं. आता मालकाचे गडी घालतील, असं बाला वाटायचं. गडी रोज विहिरीवर बैल पाजायचे आणि त्याच वाटेनं शेतात जायचे. कुणी तांब्याभरही ओतलं नाही. वैशाखात पाचही वाळले. गड्यांनीच ते उपटून जळणात नेले.

पुढं साठ-बासष्टच्या सुमाराला जुने निंबही विकले गेले, दरवाज्याचे दगड कुणाकुणाच्या बांधांत गेले. काठी सोडल्याचा पस्तावा बाला कधी झाला नाही. मलाही नाही. पण ती पाच झाडं त्याच्या काळजातून गेली नाहीत. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी त्यानं मला जवळ बोलावलं.

"आपल्याले त्याईची विहीर बंद होती, ते मले समजते," तो म्हणाला. "पन झाडायले काहून बंद केली व त्याईनं?"